आत्याचा राहिलेला फोटो

चाळिशीनंतर सुधाआत्या फोटोत नेहमी मधोमध उभी राहायची. लग्न कुणाचंही असो, नवरा-नवरीला खुशाल बाजूला सारायची. फोटोग्राफर कुरकुरला की म्हणायची, "तू तुझं बटण दाब. माझे बरेच राहिलेत."

खरंच राहिले होते. तिचा जन्मतः दुभंगलेला ओठ लहानपणी शिवला होता, पण नीट जुळला नव्हता. खाच राहिली. तोंड मिटलं तरी दात दिसे. लग्न झालं नाही. पंचवटीत मोठ्या काकांकडे राहून ती गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. घरात फोटो निघायची वेळ आली की काकू गोड आवाजात म्हणायची, "वन्सं, जरा चहाचं बघता?" आत्या मुकाट उठायची. त्या गोड आवाजाचा मला अजून संताप येतो.

चाळिशी जवळ आल्यावर आत्यानं ऑपरेशन करायचं ठरवलं.

"आता या वयात कुणाला दाखवायचंय?" काकू म्हणाली.

"तुम्हाला," आत्या म्हणाली.

दवाखान्यात मी सोबत होते. जुना व्रण काढून ओठ पुन्हा उघडायचा, आतला न जुळलेला स्नायू जोडायचा, मग वरची कड बसवायची, असं डॉक्टरांनी समजावलं.

"म्हणजे उसवून पुन्हा शिवायचं," आत्या म्हणाली. "घाला टाके."

आधीच्या अवस्थेचे फोटो हवे होते. कॅमेरा दिसताच आत्याचा पदर सवयीनं तोंडावर गेला. डॉक्टर म्हणाले, "पदर काढा. मला ओठच हवाय." तिला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. निघताना तिनं समोरून काढलेल्या फोटोची प्रत मागून घेतली.

सूज उतरली, खाच गेली, बारीकशी रेघ उरली. चहावर पहिल्यांदा नीट फुंकर बसली तेव्हा आत्या रडली. मग डोळे पुसून तो फोटो मोठा करायला टाकून आली.

काकूच्या मुलाच्या लग्नात, भर स्टेजवर, तिनं कागद फाडून फ्रेम काकूच्या हातात दिली. आत जुना ओठ, उघडा दात, रोखलेली नजर. "वहिनी, तुमच्या अल्बममधला राहिलेला."

काकूनं फ्रेम माळ्यावर टाकली. दर दिवाळीला आत्या ती खाली काढून, पुसून, बैठकीत लावायची. भाऊबीज झाली की काकू परत माळ्यावर टाकायची. दोघींनी हे वर्षानुवर्षं चालवलं. माघार कुणीच घेतली नाही. "मी गेले की हार त्याच फोटोला घाल," आत्यानं मला बजावलं होतं.

ती गेली. तेराव्याला काकूनं ऑपरेशननंतरचा हसरा फोटो काढून ठेवला होता. मी माळ्यावर चढले, फ्रेम आणली आणि पाटावर ठेवून हार घातला. सगळे नातेवाईक बघत होते. काकूला फूल वाहावंच लागलं. ती हात जोडून उभी राहिली तेव्हा मी कॅमेरा उचलला. तिनं झटकन पदर तोंडावर घेतला आणि बाजूला सरकू लागली.

"थांबा काकू," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "चहाचं मी बघते."