उकिरड्याजवळची माती

सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांची माती बदलायला घेतली. आजच्या यादीतलं तिसरं काम. खुरपं घातलं, दबलेल्या काळ्या मातीचा गार, किंचित आंबट वास वर आला आणि चौथं काम तिथंच राहिलं. त्या वासानं मला पाचोडजवळच्या आमच्या शेतात नेलं, बाबांच्या मोसंबीच्या वर्षात.

बाबांना सगळ्या शेतात मोसंबी लावायची होती. उतारवय त्या झाडांच्या भरवशावर काढायचं ठरलं होतं. रोपंही सांगून ठेवली होती. आधी माती तपासून घेऊ, हा हट्ट माझा. पिशवी, चिठ्ठी, गट नंबर, सगळं मी तयार करून दिलं. माती कुठली घ्यायची, एवढंच सांगायचं राहिलं. बाबांनी उकिरड्याच्या कडेची आणली, काळीभोर, लोण्यासारखी.

शहरातल्या तपासणी केंद्रात एक मृदाशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांनी ती चिमूटभर बोटांत चोळली आणि विचारलं, "काका, ही उकिरड्याजवळची ना?"

बाबा म्हणाले, "व्हय. परक्यापुढं काय फाटकं धोतर नेसून जायचं?"

"डॉक्टरकडं जाऊन धडधाकट पाय दाखवता का?" त्या हसल्या, आणि पुढच्याच आठवड्यात स्वतः शेतावर आल्या.

शेतभर नागमोडी चालत त्यांनी ठिकठिकाणची माती घेतली. मग वरच्या अंगाला कंबरभर खड्डा खणून घेतला. वर हातभर काळी माती, खाली पांढुरका थर. त्या थरावर त्यांनी बाटलीतून आम्लाचे चार थेंब टाकले आणि माती फसफसली. इतकी वर्षं मुकी वाटलेली जमीन आमच्यासमोर बोलत होती, आणि तिची भाषा येणारं माणूस खड्ड्यात उभं होतं.

ही चुनखडी, त्या म्हणाल्या. इथं ज्वारी येईल. मोसंबी चार-पाच वर्षं हसेल, मुळं खाली पोचली की पिवळी पडेल. खालच्या अंगाला काळी माती खोल आहे, तिथं लावा, पण हमी देत नाही. हवा-पाणी माझ्या हातात नाही.

"हे तुम्हाला कसं कळतं?" बाबांनी विचारलं. आवाजात शंका नव्हती, नवल होतं.

"आमच्या आधीचे लई चुकले, काका. चुकलेलं त्यांनी लिहून ठेवलं."

त्या 'हमी देत नाही'वर बाबांचा भरवसा बसला. हमी देणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. निम्मी रोपं त्यांनी नको म्हणून कळवली.

खालच्या अंगाची झाडं आजही उभी आहेत. बाबा नाहीत. तो खड्डा मात्र त्यांनी शेवटपर्यंत बुजवू दिला नाही. शेतावर कुणी पाहुणा आला की मोसंबीकडं नंतर, आधी ते त्याला तिकडं न्यायचे, काठावर उकिडवं बसायचे आणि काठीनं तो पांढरा थर दाखवायचे.