दोन दिवसांची मुदत

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी सध्या अमेरिकेतल्या कॅरी शहरात एका नर्सिंग होममध्ये आहे. सकाळी फरशी पुसली की जंतुनाशकाचा उग्र वास येतो आणि डेनिस आठवते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी इथल्याच एका कॉलेजात गणित शिकवायचो. डेनिस ही कृष्णवर्णीय मुलगी नर्सिंग होममध्ये नोकरी करून शिकत होती. प्रोजेक्ट द्यायच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, ती ड्यूटीवरून थेट माझ्या ऑफिसात आली. युनिफॉर्मला हाच वास होता.

"प्रोफेसर, डबल शिफ्ट लागली. प्रोजेक्टला दोन दिवस द्या, नाहीतर मी नापास होईन."

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी माझ्या मित्राच्या मुलीचा फोन आला; तीही त्याच वर्गात होती. "काका, प्लीज! प्रोजेक्ट मंडेला सबमिट करते ना!"

"बरं, कर," मी हसलो.

डेनिस नापास झाली. पुन्हा फी भरणं तिला जमलं नाही. तिने कॉलेज सोडलं. मित्राची मुलगी आज डॉक्टर आहे. आणि मी मराठी मंडळात, कृष्णवर्णीयांचा विषय निघाला की, वर्षानुवर्षं सांगत राहिलो, "यांच्या मुलांना शिकायचंच नसतं." ऐकणारे माना डोलवायचे. आता माझ्या त्या बोलण्याचाच संताप येतो.

मी खोटं बोलत होतो. डेनिसला शिकायचं होतं. तिला फक्त मला काका म्हणता येत नव्हतं.