उलटे आटे

कोंडिविट्याच्या गावठाणात यव्होनच्या अंगणातल्या जांभळाखाली एक लष्करी ट्रक उभा होता. महायुद्धाच्या काळातला, डॉज कंपनीचा. तिच्या बाबांनी, बस्त्यावनं, तो लिलावात घेतला होता. तेव्हा आजूबाजूला भातशेती होती. बस्त्याव त्यातून गवत वाहायचा, दगड वाहायचा, आणि ऑक्टोबरात आगेऱ्याचा सण आला, की नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठी चर्चमध्ये याच ट्रकमधून जायच्या. बाबा देवाघरी गेले आणि ट्रक जिथल्या तिथे बसला. टायर मातीत रुतले, बॉनेटखाली मांजर व्यायली.

यव्होननं लग्न केलं नाही. एमआयडीसीतल्या मोजमापाची गेज बनवायच्या कारखान्यात तिची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर गावाला वाटलं, आता ही रोझरीच्या ग्रुपमध्ये येऊन बसेल. ती आलीही. पण चर्चमधली सकाळची मिस्सा आटपली, की बाबांची खाकी पँट चढवून ट्रकखाली शिरायची. कार्बोरेटर तिनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला, म्हणून त्या पावसाळ्यात घरातली माणसं मांडीवर ताट घेऊन जेवली. रंगाचे थर खरवडता खरवडता एके दिवशी मूळचा रंग लागला, तेव्हा तिनं भावजयीला, आयडाला, हाक मारून बोलावलं.

"हिरवाच तर आहे," आयडा म्हणाली. "काल पण हिरवाच होता."

"अगं, कालचा बाबांनी लावलेला. हा लढाईतला."

"मला दोन्ही सारखेच मळके दिसतात. हात धू आणि चहा घे."

धाकटा भाऊ ग्लेनरॉय मात्र चहावर भागणारा नव्हता. घर दोघांचं, अंगणही दोघांचं. त्याची मुलगी लग्न होऊन लांब गेली होती आणि तिला परत जवळ आणायला त्याला अंगणात दोन खोल्या काढायच्या होत्या. मागणं वाजवी होतं, ते यव्होनलाही कळत होतं. तिनं फादरांना गाठलं. चर्चच्या शाळेमागे एक पत्र्याची शेड रिकामी होती. फादर म्हणाले, "चालती गाडी असेल तर खुशाल ठेव. दर आगेऱ्याला लोंब्या त्यातूनच आणू. पण ढकलत आणलेलं भंगार मी आत घेणार नाही, यव्होन. आधीच दोन मोडके पियानो सांभाळतोय."

ग्लेनरॉयनं ते ऐकलं आणि तिथेच ठरवून टाकलं. "या आगेऱ्याला गाडी स्वतःच्या पायांनी चर्चपर्यंत गेली, तर माझं काही म्हणणं नाही. नाही गेली, तर सोमवारी भंगारवाला येईल. त्याला सांगून ठेवतो."

"सांग की," यव्होन म्हणाली आणि परत ट्रकखाली गेली.

इंजिन सप्टेंबरात सुरू झालं. आधी खोकलं, मग सगळ्या गल्लीत धूर सोडून नीट धडधडायला लागलं. उरले होते ब्रेक, आणि त्यासाठी चाकं काढायची होती. आयडानं नवऱ्याला टोमणा मारला, "बहीण एकटी झटतेय आणि तू भंगारवाल्याला फोन करत बसलायस." त्याला ते लागलं. रविवारी यव्होन मिस्सेला गेलेली असताना तो पाना घेऊन बसला. डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाचे बोल्ट हलेनात. त्यांवर 'एल' असं कोरलेलं होतं. एल म्हणजे लेफ्ट, म्हणजे डावीकडे फिरवायचं, असा हिशेब करून त्यानं पान्याला लांब पाइप जोडला आणि त्यावर उभा राहिला.

यव्होन परतली, तेव्हा दोन बोल्ट तुटून पडले होते.

"तूच बघ, त्यावर एल लिहिलंय," तो म्हणाला.

"एल म्हणजे या बाजूचे आटे उलटे आहेत, ग्लेन. हे उजवीकडे फिरवून सुटतात. तू सोडवत नव्हतास, आवळत होतास."

"असं कोण बनवतं?"

"ज्यांना चाक धावता धावता ढिलं व्हायला नको असतं, ते बनवतात."

आयडा दारातून म्हणाली, "म्हणजे तुमच्या घरातल्या माणसांसारखंच. सोडवायला जावं, तर आणखी घट्ट."

यव्होन रागावली नाही. रागवायला वेळ कुठे होता. सांत अंतोनच्या पुतळ्यापुढे मेणबत्ती लावून ती तुटके बोल्ट पिशवीत घालून अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये धोंडिराम लेथवाल्याकडे गेली. उलटे आटे म्हटल्यावर तो म्हणाला, "बाई, यात हात मोडतो. सगळी सेटिंग फिरवावी लागते." ती स्टूल ओढून तिथेच बसली. बोल्ट तयार होईपर्यंत जपमाळ तिच्या बोटांत फिरत होती आणि नजर लेथवर होती.

आगेऱ्याच्या सकाळी ट्रकच्या हौद्यात लोंब्यांच्या पेंढ्या रचल्या. यव्होन लुगडं नेसून, डोक्यावर मिस्सेची ओढणी घेऊन स्टिअरिंगमागे बसली. पुढे बँड, मागे गाव. पण बँडवाले गोगलगाईच्या चालीनं चालले आणि ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर आलं. इंजिन तापत गेलं. क्रूसाजवळच्या चढावर ट्रक दोन आचके देऊन थांबला.

पोरं धावली. "आंटी, धक्का मारतो."

"हात लावायचा नाही कुणी."

ग्लेनरॉय गर्दीतून पुढे आला. "यव्होन, दहा पावलांवर गेट आहे. मी काही बोलणार नाही, ढकलू दे."

"तू बोलणार नाहीस, पण मला माहीत असेल ना. पाणी आण."

तिनं बॉनेट उघडलं. पेट्रोल नळीतच उकळून वाफ अडली होती. डोक्यावरची ओढणी तिनं काढली, ग्लेनरॉयनं आणलेल्या पाण्यात बुचकळली आणि पेट्रोलच्या पंपाभोवती गुंडाळली. बँड थांबला होता. म्हाताऱ्या बायकांनी आपसूक 'नमो मारिया' सुरू केलं. यव्होन बॉनेटला टेकून तेच पुटपुटत उभी राहिली. पंप हाताला सोसवेल इतका निवला, तशी ती चढून बसली आणि स्टार्टर दाबला. एकदा घरघर. दुसऱ्यांदा घरघर. तिसऱ्यांदा ट्रक धूर ओकत सुरू झाला. बोडक्या डोक्यानं, ग्रीस लागलेल्या लुगड्यानं तिनं लोंब्या चर्चच्या गेटातून आत नेल्या. फादर म्हणाले, "आज ओढणी इंजिनाला, चालेल."

सोमवारी भंगारवाला टेम्पो घेऊन आला. त्याला नको म्हणून सांगायचं ग्लेनरॉय विसरला होता. यव्होननं त्याला जुना सायलेन्सर आणि गंजलेला पत्रा दिला. तरी तो त्या दोघांच्या मागोमाग चर्चच्या शेडपर्यंत आला आणि ट्रककडे हावरेपणानं बघत म्हणाला, "हे चाक तरी द्या ना."

"त्याला हात लावू नकोस," ग्लेनरॉय मध्येच म्हणाला. "या बाजूचे आटे उलटे आहेत. तुला जमायचं नाही."