नऊ डोलकाठ्यांचं जहाज आणि पोरिरुआत रमलेले अण्णा

अण्णांनी फोनवर सांगितलं की ते एवढ्यात काही येत नाहीत, आणि मी त्याच शनिवारी गाडी काढली.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. देवगडला उभी हयात होड्या बांधण्यात गेली. सहा महिन्यांसाठी न्यूझीलंडला आलेत. आधी माझ्याकडे ऑकलंडच्या हिल्सबरोला, मग दीड महिना धाकट्या भावाकडे, महेशकडे, वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआला आणि शेवटी पुन्हा माझ्याकडे, असं ठरलेलं. दीड महिना उलटून गेला, तर म्हणाले, "चिनी जहाजाचं काम अर्धं टाकून कसा येऊ?"

ऑकलंडहून पोरिरुआ सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. थांबत गेलात तर नऊ तास धरा. दक्षिणेला निघाल्यावर बॉम्बे नावाचं गाव लागतं, तिथे टाकी भरून घ्या. पाटी बघून हसू येतं, पण वडापाव मिळत नाही. टाउपोला तळ्याकाठी बसून 'पाय' (म्हणजे सारण भरून भाजलेली खारी) खा, मटणाचा घेतलात तर सात-आठ डॉलर. पुढे डेझर्ट रोडवर ना पंप ना चहा. हिवाळ्यात बर्फ पडला की रस्ता बंद करतात, तेव्हा आधी चौकशी करा. डोंगर सुंदर आहेत म्हणतात. मी पाहिले नाहीत, मी महेशवर जळत होतो.

लपवून काय करू? मी दहावीनंतर वखारीत लागलो, महेश पुण्याला जाऊन इंजिनिअर झाला. आज ऑकलंडमध्येच पेनरोजला माझा लाकडी खोकी बनवायचा कारखाना आहे, बारा माणसं आहेत. घरी अण्णांना वेगळी खोली, आरामखुर्ची, मोठा टीव्ही. महेशच्या घरात कपडे वाळत घालायला जागा नाही. तरी अण्णा तिथे.

दुसऱ्या दिवशी महेश आम्हाला वेलिंग्टनच्या बंदरावर घेऊन गेला. एका जुन्या गोदामात चीनच्या सहाशे वर्षांपूर्वीच्या मिंग राजवटीवर प्रदर्शन भरलंय. प्रवेश फुकट, पार्किंग महाग. त्या काळी चीनमध्ये सरकारी अधिकारी व्हायचं तर परीक्षा द्यावी लागे, वर्षानुवर्षं घोकणारे लोक तिथे राज्य चालवत. त्याच दरबाराने शेकडो जहाजं समुद्रात सोडली, ती आपल्या कालिकतला आली, आफ्रिकेपर्यंत गेली. तिकडून नजराणा म्हणून जिराफ आला, तो दरबाराला शुभशकुनाचा प्राणी वाटला. हे सगळं महेश अण्णांना वाचून दाखवत होता आणि मी मागून पिशवी सांभाळत चाललो होतो.

गोदामाच्या टोकाला त्या काळच्या नऊ डोलकाठ्यांच्या जहाजाची खोलीभर लांब लाकडी प्रतिकृती तयार होत होती, अण्णा अडकले होते ते काम हेच. मिस्टर लिन नावाचे एक म्हातारे चिनी सुतार अण्णांना बघताच इथला माओरी नमस्कार घालत "किया ओरा, कॅप्टन" म्हणाले. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. पाणी शिरू नये म्हणून फळ्यांच्या सांध्यात कापसाची वात कशी ठोकतात ते अण्णांनी दाखवलं, लिननी तेल-चुन्याचा लगदा पुढे केला. अण्णांनी वास घेऊन पसंतीची मान डोलावली. जहाजाच्या पोटात आडव्या भिंतींनी वेगवेगळे खण केलेले होते. "एका खणात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे राहतात," अण्णा मला म्हणाले. मला आता कॅप्टन म्हणणाऱ्या लिनचाही हेवा वाटू लागला.

जेवताना मी म्हणालो, "एवढी जहाजं बांधून शेवटी बंदच पडली ना?"

महेश म्हणाला, खर्च फार होता, उत्तरेच्या सीमेवर शत्रू होता. अण्णांनी भाकरी मोडली. "खर्चाचं मला माहीत नाही. पण दर्यावर्दींचं कौतुक कागदवाल्यांना सोसवलं नाही, असं तिथे लिहिलंय. नोंदीसुद्धा नाहीशा केल्या म्हणे." मग माझ्याकडे बघून, "तू भात घे."

मी भात घेतला.

सकाळी मी बाथरूममध्ये दाढी करत होतो. इथली घरं पत्र्यासारखी, भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येतं. अण्णा महेशला सांगत होते, "थोरला फार करतो रे माझं. पाण्याचा पेला उचलू देत नाही. कारखान्यात एवढं लाकूड पडलंय, पण मी रंध्याला हात लावला तर म्हणाला, अण्णा, लोक काय म्हणतील. दिवसभर खुर्चीत बसून मी आपलं वारा कुठून येतोय ते बघतो."

अर्धी दाढी तशीच राहिली. वडिलांना काम करू दिलं नाही, हाच तर आजवर माझा अभिमान होता.

निघताना मी त्यांना गाडीत बसा म्हटलं नाही. फक्त विचारलं, "जहाज कधी होईल?" म्हणाले, तीन आठवडे. मी एकटाच परत आलो. या खेपेला डोंगर पाहिले. खरंच सुंदर आहेत.

पेनरोजला खिडकीजवळचा कोपरा रिकामा करून अण्णांच्या उंचीला बेतलेलं कामाचं बाक ठोकलं. एका पाडलेल्या जुन्या घराचं रिमूचं, म्हणजे इथल्या रानातल्या झाडाचं, लाकूड मिळालं, ते रचून ठेवलं. मग फोन केला.

"अण्णा, कारखान्यात एक होडी बांधायची आहे. मला जमणार नाही."

अण्णांनी विचारलं, "लाकूड ओलं नाही ना?"

"नाही. साठ-सत्तर वर्षांचं आहे."

"मग पंधरा तारखेनंतर ये न्यायला. आणि रंधा मी सांगेन तोच घे, तुझ्या पसंतीचा नको."

जळणं पूर्ण गेलंय असं नाही. त्या चिनी जहाजाच्या पाटीवर अण्णांचं नाव लागणार आहे, आणि ते पोरिरुआकरांना आयतं बघायला मिळणार. पण पाणी शिरलंय ते त्या एकाच खणात. बाकीचे कोरडे आहेत.