वॉरिक ऐकून घ्यायला शिकला

वेलिंग्टनजवळच्या आमच्या पिटोनीत वॉरिक डफिल्डसमोर तोंड उघडायचं म्हणजे जपून उघडावं लागे. तुम्ही "हे दार आहे ना..." एवढं म्हणेपर्यंत दार बिजागऱ्यांसकट उतरून अंगणात आडवं झालेलं असायचं. तुम्हाला कदाचित म्हणायचं असे, "हे दार आहे ना, ते माझ्या आजोबांनी स्वतः केलेलं." पण वाक्याचा हा उरलेला भाग ऐकायला वॉरिक जागेवर नसे. तो गाडीतून रंधा आणायला गेलेला असे.

म्हातारे हॅमिश गेले तेव्हाची गोष्ट. अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा चालू होता आणि हॅमिशची बायको डोळे पुसत सगळ्यांना सांगत होती, "रोज सकाळी बाथरूमच्या नळाला शिव्या द्यायचे हो. गळायचा ना तो. आता कोण देणार त्याला शिव्या?" सगळे हळहळले. वॉरिक तेवढा दिसेना. तासाभरानं म्हातारी घरी गेली, तर हा काळ्या सुटात तिच्या बाथरूममध्ये पालथा पडलेला. नळ ठणठणीत बरा झाला होता. म्हातारी नंतर वॉरिकच्या बायकोला, नायरीला, म्हणाली, "हॅमिशची तेवढी एक आठवण गळत होती. तीही तुझ्या नवऱ्यानं पाना लावून बंद केली."

धंद्यानं तो प्लंबरच. नायरी त्याला भेटली तीसुद्धा गरम पाण्याच्या टाकीपायी. ती तेव्हा भाड्याच्या खोलीत राहायची आणि टाकीचं दुखणं त्याला सविस्तर सांगत होती. सांगून व्हायच्या आत टाकी दुरुस्त झाली. ती वैतागून म्हणाली, "अहो मिस्टर, माझी अजून दोन वाक्यं राहिलीत!" हा म्हणाला, "ती फिश अँड चिप्स खाताना सांगा." लग्नाला इतकी वर्षं होऊनही नायरी म्हणायची, "ती दोन वाक्यं अजून शिल्लक आहेत. मधे बोलायला सापडतच नाही."

नायरी तलावावर म्हाताऱ्या बायकांना पोहायला शिकवायची. आवाज असा खणखणीत की समुद्रकाठानं फिरणारे लोक तिच्या हुकमावर पाय मारायला लागतील. पण घरी आली की खुर्चीत बसून नुसतं म्हणायची, "मान आखडलीय रे." आणि वॉरिक गरम पाण्याची पिशवी, मलम आणि एक नवी उशी घेऊन हजर. एवढ्या बडबड्या बाईला नवऱ्यानं ऐकून घेतलं नाही याचा राग यायचा आणि तिच्या मानेखाली उशी यायची, ती दोन्ही एकदमच. राग उशीत जिरायचा.

मग वॉरिकचे गुडघे गेले. प्लंबर माणसाचे गुडघे जाणं म्हणजे गवयाचा गळा जाणं. तो वेलिंग्टनमधल्या एका कंपनीत फोनवर बसायला लागला. प्लंबर लोकांची कामं, वेळा आणि बिलं सांभाळणारं एक अ‍ॅप ती कंपनी बनवायची. प्लंबर फोन करून ओरडायचे आणि वॉरिक त्यांच्याच भाषेत परत ओरडायचा, त्यामुळे दोन्हीकडे समाधान असे. वर्षभरात तिथल्या मुख्य बाई लुपे यांनी त्याला बोलावलं आणि प्रॉडक्ट मॅनेजर होतोस का म्हणून विचारलं.

लुपे वॉरिकच्या निम्म्या वयाची, पोरिरुआत वाढलेली सामोअन मुलगी. वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारली तर तिची आई तिला चपलेनं बडवील, म्हणून ती साहेब असूनही त्याला काका म्हणायची आणि काका म्हणूनच झापायची.

"प्रॉडक्ट मॅनेजर म्हणजे करायचं काय?" नायरीनं विचारलं.

"बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे, वापरणारे वेगळे," वॉरिक म्हणाला. "त्यांच्या मधे उभं राहायचं. काय बनवायचं ते ठरवायचं. काय नाही बनवायचं तेही ठरवायचं. हाताखाली कोणी नाही, पण बिघडलं तर शिव्या आपल्याला."

"म्हणजे आई," नायरी म्हणाली आणि चहा ओतायला लागली.

पहिल्याच कामगिरीवर वॉरिकनं घोळ घातला. तावा उपनगरातल्या बेव्हन नावाच्या प्लंबरकडे त्याला धाडलं होतं. अ‍ॅप वापरताना काय अडतं ते नुसतं ऐकून यायचं होतं. बेव्हन म्हणाला, "ते बिलाचं पान जरा..." वॉरिक म्हणाला, "बदलून टाकू! सोमवारी!" सोमवारी ही बातमी अ‍ॅप बनवणाऱ्या पोरांना कळली आणि त्यांनी वॉरिकशी बोलणं टाकलं. चहाचं दूधसुद्धा त्याच्यापासून लांब ठेवलं म्हणतात.

लुपेनं त्याला समोर बसवलं. "काका, मी बेव्हनला फोन केला होता. त्याला पान बदलून नकोच होतं. त्याची नजर अधू व्हायला लागलीय. त्याला ते आकडे दिसत नाहीत, आणि घरी सांगायची लाज वाटते. तू त्याला वाक्य पुरं करू दिलं असतंस ना, तर तो तुला सांगणार होता."

वॉरिकचा चेहरा पडला. तो फक्त म्हणाला, "शिकव."

मग शिकवणी सुरू झाली. समोरचा बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही. उपाय सुचवायचा नाही. "तुम्हाला असं हवंय का?" असं विचारून त्याच्या तोंडात आपलं उत्तर कोंबायचं नाही, उलट "मागच्या वेळी काय झालं ते सांगाल का?" असं विचारायचं. कबूल काहीच करायचं नाही. तो गप्प झाला तर आपणही गप्प राहायचं, कारण खरी गोष्ट त्या गप्प बसण्याच्या पलीकडे असते. आणि शेवटी मनापासून आभार मानायचे.

"आणि माझे हात? त्यांचं काय करू?" वॉरिकनं विचारलं.

"त्यांच्यावर बस," लुपे म्हणाली.

तालमी घरी झाल्या, आणि तालीममास्तर नायरी. ती वॉरिकची कामावरची जुनी ढगळ डंगरी चढवून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसायची, हातात लाकडी डाव. "मी म्हणजे संतापलेला प्लंबर. सकाळपासून तुमचं हे अ‍ॅप मला चुकीच्या घरी पाठवतंय. तिथला कुत्रा मला चावला."

"कुठे चावला? आपल्याकडे मलम..."

डाव फाडकन मनगटावर. "उपाय नाही! विचार, काय झालं म्हणून!"

"काय झालं?"

"कुत्रा चावला, मगाशी सांगितलं ना! ऐकत नाहीस तू!" आणि दोघं हसून हसून टेबलावर डोकी टेकायची. शेजारच्या घरात आम्हाला ऐकू यायचं. हिवाळाभर तो डाव वाजत होता. वसंत आला तोवर त्याचा आवाज थांबला. वॉरिक हातांवर बसायला शिकला होता.

आणि काय शिकला! लोक त्याच्याशी बोलायचे ते बोलतच राहायचे. नेपियरच्या एका आडमुठ्या प्लंबरनं म्हणे त्याला अ‍ॅपबद्दल सांगता सांगता आपल्या भावाशी तुटलेलं बोलणं सांगितलं आणि घळाघळा रडला. बनवणाऱ्या पोरांनी दूध परत जवळ ठेवलं. लुपे सगळ्यांना सांगायची, "ऐकावं तर काकानं." वॉरिकला बढती मिळाली. सगळ्या पिटोनीला त्याचा अभिमान होता. दारं तेवढी करकरायला लागली होती.

कचेरीत एक फळा होता. त्याचे तीन रकाने: आत्ता, पुढे, नंतर. कोणी काही मागितलं तर नाही म्हणून मन दुखवायचं नाही. चिठ्ठी लिहून योग्य रकान्यात लावायची. वॉरिकला ही पद्धत इतकी आवडली की त्यानं घरच्या फ्रिजवरही तीन रकाने आखले. नायरीनं गंमत म्हणून पहिलीच चिठ्ठी लावली: स्टुअर्ट बेटावर जायचं, किवी पक्ष्याचं ओरडणं ऐकायला, दोघांनी. वॉरिकनं ती वाचली, विचार केला आणि 'नंतर'मध्ये लावली.

"नाही म्हण ना सरळ," नायरी म्हणाली.

"नाही कुठे म्हटलं? नंतर म्हटलंय."

किटलीची वाफ लागून लागून ती चिठ्ठी पानासारखी वळली.

त्या शरद ऋतूत कपडे धुण्याच्या खोलीतला नळ गळायला लागला. नायरीनं सांगितलं. वॉरिक खुर्चीवर बसला, पुढे झुकला आणि आस्थेनं म्हणाला, "ह्यानं तुला काय त्रास होतो, ते सांगशील?"

नायरीनं नळाच्या दिशेनं बोट केलं. "पाणी गळतं, वॉरिक."

"हं. आणखी?"

ती गंमत तिनं आमच्याकडे येऊन सांगितली. फिजोआ पिकण्याचे दिवस, प्रत्येक जण प्रत्येकाच्या दारात फळांच्या पिशव्या ठेवून पळत होता. तीही एक पिशवी घेऊन आली होती. सांगताना हसली. मग पिशवीच्या तोंडाला उगाच गाठी मारत म्हणाली, "घरात एक फार चांगला माणूस येऊन बसतो गं. सगळं ऐकून घेतो आणि निघून जातो." माझ्या बायकोनं तिच्या हातातून पिशवी काढून घेतली.

पुढचं वॉरिकनंच मला सांगितलं, शब्दन् शब्द. ऐकलेलं जसंच्या तसं लक्षात ठेवायचं, हेही त्याच शिक्षणात होतं.

रविवारची दुपार होती. दक्षिणेचा वारा खिडक्या हलवत होता. टेबलावर चहा आणि आल्याच्या वड्या.

"वॉरिक, मी नेल्सनला जाईन म्हणते. आयव्हीकडे," नायरी म्हणाली. आयव्ही तिची बहीण, समुद्रापलीकडे राहणारी. "राहायलाच. परत येईन की नाही, मला ठाऊक नाही."

वॉरिक म्हणाला, की तो खुर्चीतून अर्धवट उठलाच होता. पण त्याला वाटलं, आयुष्यभर आपण हिचं वाक्य तोडलं. आज एवढं मोठं वाक्य ती बोलतेय, आज तोडायचं नाही. तो हातांवर बसला.

"हे तुला पहिल्यांदा कधी वाटलं, ते सांगशील?"

नायरीनं सांगितलं. नळाचं सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं. पोहायला येणाऱ्या बायकांपैकी एक वारली, त्या दिवशी घरी येऊन ती रडली, तेव्हा त्यानं तिला नीट तीन प्रश्न विचारले आणि उशी काही आणली नाही, तेही सांगितलं. मग ती गप्प झाली.

वॉरिकही गप्प झाला. नियमच तो. चहा गार झाला. खिडक्या वाजत राहिल्या. ती त्याच्याकडे बघत होती आणि तो वाट बघत होता, की पलीकडची खरी गोष्ट ती आता सांगेल.

"तुला काही म्हणायचंय का?" शेवटी तिनंच विचारलं.

"मला माझं मत तुझ्यावर लादायचं नाही, नायरी."

"लाद की थोडं!"

त्याला वाटलं, ही परीक्षा आहे. डाव पडणार आता. तो हातांवर आणखी घट्ट बसला आणि म्हणाला, "तू इतक्या मोकळेपणानं सांगितलंस, त्याबद्दल मनापासून आभार."

नायरी हसली. तालमीच्या वेळी हसायची तशीच सुरू झाली, पण या खेपेला डोकं टेबलावर टेकलं ते वर आलं नाही.

तिला बोटीवर सोडायला तोच गेला. धक्क्यावर तिच्या बॅगेची चेन अडकली. तिनं हिसका दिला, तोंडातून नुसतं "हे मेलं..." एवढं निघालं, आणि वॉरिकच्या हातात पक्कड होती. चेन सरकन बसली. नायरीनं बॅगेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. डोळे भरून आले. "हे बघ," ती म्हणाली, "हे असं," आणि बोटीच्या रांगेत गेली.

दुसऱ्या दिवशी वॉरिकनं लुपेला सगळं सांगितलं. सांगून म्हणाला, "पण मी एकदाही मधे बोललो नाही, लुपे. एकदाही नाही." शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखा तो तिच्याकडे बघत होता. लुपेनं तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "अरे काका! ती काय ग्राहक होती का रे? तिला नको जाऊस म्हणायचं होतंस."

तो तसाच उठला, पुढची बोट पकडून पिक्टनला उतरला आणि डोंगरातल्या वळणावळणाच्या रस्त्यानं नेल्सनला पोचला. आयव्हीच्या दारात नायरी उभी राहिली. ती "वॉरिक, तू..." एवढंच म्हणाली, तेवढ्यात हा सुरू झाला. घरी चल. स्टुअर्ट बेटावर जाऊ, आत्ता, इथूनच. जाऊ नकोस. मला तुझ्यावाचून करमत नाही. सगळं एका दमात, तिला एक शब्द बोलू न देता.

नायरीनं त्याला पुरतं बोलू दिलं. मग त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. "एवढंच ऐकायला बसले होते रे त्या रविवारी," ती म्हणाली. "जेवून जा. आयव्हीनं मटण भाजलंय." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काहीतरी दुरुस्त करता आलं असतं, असं वॉरिक म्हणतो.

तो जेवला आणि एकटाच परत आला. आल्या आल्या कपडे धुण्याच्या खोलीतला नळ दुरुस्त केला. वॉशर बदलायचं काम, चहा उकळायच्या आत होतं.

नोकरी चालू आहे. कचेरीत तो अजूनही हातांवर बसून ऐकतो, लोक अजूनही त्याच्यापुढे रडतात. पण घरी त्याला एक खोड लागलीय. त्याच्याकडून कोणी निघालं, की तो सहन करू शकत नाही. मीटर बघायला आलेला माणूस दाराकडे वळायच्या आत हा म्हणतो, "बसा ना, एवढ्यात कुठे?" टपाल टाकणाऱ्या बाईला त्यानं दोनदा जेवायला थांबवलंय. आम्ही दोघं त्याच्याकडे जातो तेव्हा घड्याळाकडे बघायचीही चोरी. माझी बायको नुसती पदर सावरायला लागली, तरी तो अर्धवट उठतो.

परवा ती उठत म्हणाली, "बरं का वॉरिक, आता आम्ही..."

"थांबा ना," तो म्हणाला.

तिला म्हणायचं होतं, आता आम्ही चहा टाकतो, तू बस. तिनं काही सांगितलं नाही. आम्ही थांबलो.