करंगळीला सूट नाही

गिटार शिकायला बसलेल्या माणसाला गाणं वाजवायचं असतं. मलाही तेच हवं होतं. मास्तरांनी मात्र माझ्या हातात दिली क्रोमॅटिक स्केल: बाराही सूर ओळीनं, एकही न गाळता, खालून वर आणि वरून खाली. आधी मोकळी तार, मग दांड्यावरच्या पहिल्या पट्टीवर पहिलं बोट, दुसरीवर दुसरं, तिसरीवर तिसरं, चौथीवर करंगळी. एवढं झालं की पुढची तार. त्याला ना चाल, ना ठेका. कुणीतरी उगाच जिना चढतंय आणि उतरतंय, असं वाटायचं. मी वैतागायचो. मास्तर म्हणायचे, "गाणं कुठं पळून जायलंय? आधी करंगळी सुधरा. लय कामचुकार बोट हाय. तिला सूट द्यायची न्हाई."

मास्तर आमच्याच गावचे. मानवतला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि लग्नसराईत परभणीच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. हैदराबादेत चुलत्याकडे राहून शिकले होते. राहायला गावाबाहेर, बौद्धवाड्यात. मी गावातल्या, बऱ्यापैकी जमीन असलेल्या घरातला, परभणीला कॉलेजात जाणारा. संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसतो हे वडिलांना कळलं, तेव्हा गिटारचं त्यांना काहीच वाटलं नाही. ते एवढंच म्हणाले, "त्याला मास्तर म्हणायलास व्हय? अन् वर अहो-जाहो?" मी म्हणालो, शिकवतो त्याला मास्तरच म्हणतात. त्यांनी पुढचं ताट सरकवलं आणि उठून गेले. आमच्या घरातले वाद ताटाशीच संपायचे.

चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळे ऑर्केस्ट्राही बंद. मास्तर म्हणाले, तोवर गिटार घरी न्या, रोज सराव करा. मी पेटी उचलायला गेलो. काळी लाकडी पेटी, तिच्यावर पांढऱ्या रंगात ऑर्केस्ट्राचं नाव. "पेटी ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "अख्खा गाव ओळखतो तिला. तुमाला घरी बोलणी बसतील." त्यांच्या बायकोनं धुतलेल्या चादरीत गिटार गुंडाळून दिली. कॉलेजातल्या मित्राची आहे, असं मी घरी सांगितलं. वडिलांनी जास्त विचारलं नाही.

त्याच पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. औरंगाबादच्या एका पाटीवर कुणाचं नाव असावं यावरून, ज्यांनी त्या विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती अशा माझ्या गावच्या माणसांनी मास्तरांची वस्ती पेटवली. तीही दिवसाढवळ्या. मी परभणीहून येऊन एसटीतून उतरलो, तेव्हा धूर निघत होता, पत्रे वाकलेले होते, आणि पारावर बसलेले लोक पिकांविषयी बोलत होते. त्या बोलण्याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही. वडील त्या जमावात नव्हते. ते घरातच होते आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मास्तर भाजलेत, परभणीला दवाखान्यात नेलंय, एवढंच कळलं. मी दवाखाना गाठला तेव्हा त्यांना तिथून हलवलं होतं. कुठं, ते कुणी सांगेना. मी सराव चालू ठेवला. ओसरीवर बसून, गल्लीला ऐकू जाईल असा. मास्तर परत आले की त्यांना स्केल बिनचूक ऐकवायची, मग ते मला पहिलं गाणं देतील, हेच डोक्यात होतं. करंगळीच्या टोकाला घट्टा पडला. शेजारचे विचारायचे, "गाणं कवा लागणार हाय?" मी पुन्हा मोकळ्या तारेपासून सुरू करायचो.

मास्तर गावात परत आले नाहीत. थंडीत पत्ता लागला: परभणीतच, स्टेशनामागे, मेव्हण्याच्या खोलीत. त्याच चादरीत गिटार गुंडाळून मी गेलो. त्यांनी मला बसवलं, चहा ठेवायला सांगितलं, आणि तेव्हा मला त्यांचा डावा हात दिसला. कातडी ओढून शिवल्यासारखी. शेवटची दोन बोटं तळव्याकडे वळून तिथंच चिकटलेली.

"हे कसं झालं, मास्तर?"

"घर पेटलं तसे सगळे बाहेर आलो," ते म्हणाले. "मग वाटलं, गिटार आत ऱ्हायली. परत घुसलो. पेटी जळायली होती, तशीच ओढली. बाहेर आणून उघडतो, तर रिकामी." ते जरासं हसले. "तवा ध्यानात आलं, ती तुमच्याकडं हाय. लय बरं वाटलं बघा."

मला बरं वाटलं नाही. आजही वाटत नाही. ती पेटी माझ्या घरी असती तर तो हात शाबूत राहिला असता, आणि ती का नव्हती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी गिटार त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती उजव्या हातानं माझ्याकडे सरकवली.

"वाजवा."

मी सुरुवात केली. तिसऱ्या तारेवर चौथी पट्टी दाबली तसं त्यांनी थांबवलं. "ह्या एकाच तारेवर चौथी न्हाई. पुढची मोकळी तार तोच सूर देती. परत."

मी परत खालून सुरू केलं. त्यांनी डोळे मिटले, डावा हात मांडीवर ठेवला आणि माझ्याबरोबर बोटं चालवायला लागले. पहिलं हललं, दुसरं हललं. तिसऱ्याच्या आणि करंगळीच्या वेळेला मांडीवर काहीच हलत नव्हतं. तेवढा वेळ ते थांबायचे, आणि पुढच्या तारेला पुन्हा पहिल्या बोटापासून सुरू करायचे.