निरर्थाचं सार्थ झालं

माझ्या वडिलांच्या कवितेतल्या एका मिशीला अकोल्यात मोक्ष मिळाला आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

बाबा अकोल्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांच्याकडे एक जाडजूड पुस्तक होतं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका इंग्रज कवीनं जेवढं म्हणून छापून आणलं होतं, ते सगळं त्या एका पुस्तकात होतं. हा कवी चित्रकारही होता आणि कविता लिहायचा त्या अशा, की त्यांना काडीचाही अर्थ नसे! मुद्दाम नसे! लांब नाकांची माणसं, वेडेवाकडे पक्षी, भलत्याच वस्तूंमधून समुद्रात निघालेले प्रवासी, आणि प्रत्येक कवितेला त्याच्याच हातचं चित्र. घरात आम्ही त्याला नुसतं 'साहेब' म्हणायचो. सणासुदीला बाबा त्या पुस्तकाला नवीन कव्हर घालायचे. (आमच्या पुस्तकांची कव्हरं वर्षभर फाटकी.)

"हा मानूस पक्ष्यायचे चित्र काढून पोट भरे," बाबा सांगायचे. "राणीले बी चित्र काढाले शिकवलं त्यानं. पन जिंदगीभर दुखनेकरी अन् एकटा. रातच्याले रडत असन, अन् सकाळी उठून लेकरायले हासवे. याले म्हनतात कवी!"

बाबांना साहेबाचं वेड लागलं आणि ते स्वतःच वऱ्हाडीत अशा कविता करायला लागले. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर वर चित्र, खाली कविता. सगळ्यात आवडती ही:

मूर्तिजापूरच्या मामाची मिशी
गेली पावन्यासारखी काशी;
मामा म्हने, 'राहू दे,
गंगेत नाहू दे,
मी जेवतो तोवर बिनमिशी!'

ही त्यांनी वर्गात म्हणून दाखवली तेव्हा वर्ग चिडीचूप बसला. मग मागच्या बाकावरून एकानं हात वर केला, "सर, हे परीक्षेत येते काय?"

घरीही तीच गत. मी तर मराठीचा प्राध्यापक, नोकरी अमरावतीला. कवितेचा अर्थ सांगायचा, हा माझा पोटापाण्याचा धंदा. दिवाळीत जेवताना बाबांनी मला ती ऐकवली आणि आशेनं माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी घास गिळला आणि गंभीरपणे म्हणालो, "पण बाबा, मिशी काशीला जाईलच कशी?"

"रेल्वेनं," बाबा म्हणाले. "मूर्तिजापूरले जंक्शन हाय."

आईची तर वेगळीच तक्रार. तिचं माहेर धामणगाव रेल्वे (गावाचं नावच तसं). त्यावरून बाबांनी दुसरी कविता केली होती:

धामणगावची एक बाई
परातीत बसून माहेरी जाई;
नवरा म्हने, 'थांब व,
येशीन कवा सांग व!'
बाई म्हने, 'वल्हव, बोलू नोको काई!'

"काहीच्या काही!" आई कडाडायची. "चांगल्या घरच्या बाईले परातीत बसवलं! लोक काय म्हनतीन?" मग ती बराच वेळ भांडी आपटत राही. त्यात परातही असायची.

असं करत बाबा म्हातारे झाले. या पावसाळ्यानंतर त्यांचं हृदय थकलं. दवाखान्यात मी शेजारी बसलो होतो, तर मला जवळ बोलावून म्हणाले, "दिनू, छापशीन काय रे?"

"छापतो बाबा."

"नाव 'निरर्थ वाणी' ठेव. अन् माह्या तेरवीले वाट."

"बाबा, काहीतरीच काय बोलता?"

"अबे आयक तं! साहेबाचे पुस्तकं निघाले तं लोक पोट धरू धरू हासले. माह्या कवितेले आजलोक एक मानूस नाही हासला. तू नाही, तुही माय नाही. तेरवीले एक जन जरी हासला ना, तं माह्यं जमलं समज."

मी "हो" म्हणालो. त्या वेळी हसून दाखवायला हवं होतं, एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. दोन दिवसांनी बाबा गेले.

मी रडलो नाही. मोठा मुलगा रडत नाही, तो फोन करतो. मंडपवाला, आचारी, पाहुणे, मृत्यूचा दाखला. गर्दीत माणूस चुकावा तसं माझं रडणं कुठेतरी चुकलं होतं आणि शोधायला सवड नव्हती. आई भिंतीला टेकून बसायची, ना रडायची ना बोलायची. तिच्याकडे बघवत नसे, म्हणून मी पुन्हा कुणाला तरी फोन लावायचो. पण एक गोष्ट पक्की होती: पुस्तक निघणार आणि तेरवीला कुणीतरी हसणार!

अमरावतीला आमच्या ओळखीचे छापखानेवाले होते, गजूभाऊ. मंदिरांच्या पोथ्या, आरत्यांची पुस्तकं, भजनमाला हाच त्यांचा मुख्य धंदा. मी सगळी कॅलेंडरं नेऊन दिली.

"तेरवीले वाटाचं हाय ना? बिलकुल काळजी करू नका सर," गजूभाऊ म्हणाले. "असे लय छापले आपुन."

इथेच मला शंका यायला हवी होती. पण मला आनंद झाला! वऱ्हाडात तेरवीला, म्हणजे तेराव्याला, गेलेल्या माणसाच्या नावानं भजनाचं एखादं पुस्तक वाटतात, हे मला माहीत होतं. फक्त ते गजूभाऊंना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

प्रूफ मोबाइलवर आलं तेव्हा मी किराणा दुकानात होतो; मुखपृष्ठ आणि नुसत्या कविता, मथळे आणि चित्रं अजून बसायची होती. दुकानदार विचारत होता, "डाळ चन्याची का तुरीची?" आणि मी 'गंगेत'वरचा अनुस्वार आहे की नाही ते बघत होतो. आतल्या एका कवितेत ऱ्हस्व वेलांटीची दीर्घ केली, अंगठा पाठवला, डाळी दोन्ही घेतल्या. मुखपृष्ठ बघितलं नाही. मुखपृष्ठावर मजकूर कमी असतो, तिथे काय चुकणार!

तेरवीच्या दिवशी सकाळी अंगणातल्या मंडपात गठ्ठे सोडले. भगवं मुखपृष्ठ. मधोमध समई. समईखाली बाबांचा फोटो, त्यावर 'वैकुंठवासी', आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत: 'सार्थ वाणी'.

आत तर कहर होता. प्रत्येक कवितेवर 'पद पहिले', 'पद दुसरे'. आणि बाबांच्या चित्रांतल्या प्रत्येक लांब नाकाच्या माणसाच्या डोक्यामागे तेजाचं चक्र! मूर्तिजापूरचा मामा बिनमिशीचा, हातात भाकर, आणि मागे झळाळती प्रभावळ.

मी तिथूनच फोन लावला.

"गजूभाऊ, हे सार्थ काय आहे?"

"तेच तं! तुमी 'निरर्थ' लिहून देल्लं व्हतं सर. गेलेल्या मानसाच्या पुस्तकाले कोनी असं म्हनते काय? मले वाटलं दुःखात लिहिताना चुकलं तुमचं. 'सार्थ' करून टाकलं."

"आणि ती चक्रं?"

"डोक्यामांगं मोकळं मोकळं दिसे. जाऊ द्या सर, आभार कायले मानता!"

फोन ठेवून वळतो तर वामनकाका, बाबांचे धाकटे भाऊ, ते पुस्तक कपाळाला लावत होते. पाठोपाठ सगळी रांग! कपाळाला लाव, खिशात ठेव. कुणी एका बाईनं मुखपृष्ठाला कुंकू वाहिलं. मी "अहो, ऐका तरी..." म्हणेपर्यंत भजनी मंडळ येऊन बसलं. त्यांचे बुवा तुळशीरामजी, पांढरी टोपी, भरदार आवाज. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक उघडलं, पेटीवर बोटं ठेवली.

"वैकुंठवासी गुरुजीयचंच पद घेऊ आज. पद पहिले!"

आणि त्यांनी आर्त स्वर लावला, "मूर्तिजापूरच्याऽऽ मामाची मिशीऽऽ"

टाळकऱ्यांनी उचललं, "मामाची मिशी, मामाची मिशी, गेली काशी होऽऽ"

माना डोलायला लागल्या! मृदंग घुमला! बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत होतो. कुणीतरी हसेल, एखादा तरी फिसकन फुटेल. एकही नाही! शेवटी तुळशीरामजींनी हात वर करून भजन थांबवलं आणि निरूपणाला बसले.

"मिशी म्हंजे काय? अहंकार! मानसाचा अहंकार कुठी रायते? मिशीत! तो अहंकार काशीले गेला. परत बलावू नका. गंगेत नाहू द्या! अन् जेवन म्हंजे? प्रारब्धाचा भोग. 'मी जेवतो तोवर बिनमिशी.' भोग सरेलोक अहंकाराबिगर राहा बाप्पा!"

"वाऽ!" मंडप भारावला.

"दादा एवढा पोचलेला मानूस व्हता," वामनकाका गहिवरून म्हणाले, "अन् आमी त्याले येडपट समजत व्हतो."

तेवढ्यात एक आजोबा पुस्तक उलटंपालटं करत उठले. "सार्थ हाय म्हनता, मंग अर्थ कुठी हाय? सार्थ पुस्तकात पदाखाली अर्थ रायते."

सगळ्या नजरा माझ्यावर. "प्रोफेसर सायेब सांगतीन!" आणि माइक माझ्या हातात आला.

आता एवढ्या वर्षांची प्राध्यापकी पणाला लावायची वेळ होती. मी घसा खाकरला. "मंडळी, याला अर्थ नाही."

आजोबा पानं उलटतच राहिले.

"म्हणजे, बाबांनी मुद्दाम अर्थ ठेवला नाही. हे विनोदी आहे. हसायचं आहे. बाबांची तशी इच्छा होती. कृपा करून... हसा."

वर्गात मुलांना हसू नका म्हटलं तर हसतात. इथे हसा म्हटलं तर मंडपात सुतक पुन्हा सुरू झालं! मागून आवाज आला, "बापाच्या तेरवीले हासा म्हनते! शिकून वाया गेला!"

वामनकाकांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. "बस दिनू. दुःखात होते असं."

तुळशीरामजी मात्र माझ्याकडे आदरानं बघत होते. "अर्थ नाही म्हंजे, अर्थाच्या पल्याड हाय! पोरगाही पोचेल हाय!" त्यांनी मलाच हात जोडले आणि पान उलटलं. "पद दुसरे!"

मी हरलो होतो. बाबांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली आणि मी तिचं भजन करून ठेवलं. खाली मान घालून मी हातातल्या पुस्तकाचं तेच पान उघडलं. वर सगळे तालात डोलत होते, "वल्हव, वल्हव, बोलू नोको काईऽऽ". पानावर चित्र होतं. परातीत आई. नाकात नथ, डोक्यामागे गजूभाऊंचं चक्र, चेहऱ्यावर भांडी आपटतानाचा राग. ही कविता मी शंभरदा ऐकली असेल, पण चित्राकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. परातीमागे पाण्यात छातीपर्यंत बुडालेला एक माणूस होता. लांब नाक, चष्मा. बाबा. आणि ते जीव खाऊन परात वल्हवत होते, झाऱ्यानं! भोकाभोकाच्या, पुऱ्या तळायच्या झाऱ्यानं!

मी ओठ चावले, रुमाल तोंडात कोंबला. "वल्हव, वल्हव!" टाळ कडकडले. आणि मी फुटलो! हसता हसता खांदे गदागदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी, श्वास अडकला.

वामनकाकांनी पाठीवर हात ठेवला. "रडू द्या त्याले! पोरगा आजलोक रडला नव्हता. मोकळा होऊ द्या."

दोघांनी मला धरलं, कुणी पाणी आणलं. बाबांच्या कवितेला मिळालेलं पहिलं हसू, तेही सगळ्यांनी रडण्यात जमा केलं! मला सांगायचं होतं, 'अहो, हसतोय मी!' पण तोंड उघडलं आणि हुंदका बाहेर पडला. खरोखरीचा. मग तो थांबेचना. बाबा गेले. पाण्यात छातीपर्यंत उभे राहून झाऱ्यानं परात वल्हवणारा माणूस मला पुन्हा कधीच दिसणार नव्हता. मी लहान मुलासारखा रडलो. पलीकडे बायकांच्या घोळक्यात आईनं पूर्ण तोंडावर पदर घेतला होता. तिचेही खांदे हलत होते आणि मामी तिला वारा घालत होत्या.

संध्याकाळी पाहुणे पांगले. मंडपवाले कनाती सोडत होते. आई ओट्यावर बसली होती, मांडीवर ते पान उघडं. मी शेजारी जाऊन बसलो.

"आई, बाबांना एकच हवं होतं. कुणीतरी हसावं. मला तेवढंही जमलं नाही गं."

"काहून? तू हासला ना."

मी चपापलो. "तुला कसं कळलं?"

"मी माय हाय तुही. रडाले लागला तं तू आंधी नाक वढते. ते मंग वढलं. पयले हासत व्हता."

ती पुन्हा चित्राकडे बघायला लागली. बाबांच्या लांब नाकावरून तिनं बोट फिरवलं, मग झाऱ्यावरून. माझ्या मनात एकदम काहीतरी चमकलं.

"आई, आणि तू? पदराआड तू हसत होतीस की रडत होतीस?"

आईनं पुस्तक मिटलं. पदराचं टोक दातांत धरलं, डोळे भरून आले आणि ओठ मात्र भलतीकडेच निघाले.

"तू मराठीचा मास्तर ना? मंग लाव तूच अर्थ!"

मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. दिवे लागले, कनाती उतरल्या, मंडपवाले निघून गेले. एवढी वर्षं अर्थ सांगून पगार घेतोय मी, आणि खरं सांगतो, मला काही तो लागला नाही!